साखळीची नाव

“बाजूला हो गं, ब्रेक लागेना!”

मागून आईचा आवाज आला आणि मी सायकल सरळ रस्त्याकडेच्या गवतात घातली. शेजारून आई गेली. गेली म्हणजे काय, सुटली. कमरेला कसून खोचलेली हिरवी ओढणी, हेल्मेटखालून डोकावणारा अंबाडा आणि चाकांखालून लाह्यांसारखी उडणारी पांढरी खडी. उताराच्या तळाशी तिनं अगदी व्यवस्थित ब्रेक लावला, एक पाय टेकवला आणि वळून बघितलं.

मी धापा टाकत तिच्यापर्यंत पोचले. “लागला की!”

“लागत होताच. लावावासा वाटेना.”

“आई, वय काय तुझं?”

“उतारावर कुणी विचारतं का?”

मागून हृषीकेश हसत हसत आला. त्याच्या सायकलला मागे दोन चाकांची छोटी गाडी जोडलेली होती, वर तंबूसारखं लाल कापड, पुढे जाळी. जाळीतून आमची कुहू ओरडत होती, “आज्जी, पुन्ना! आज्जी, पुन्ना!”

मी सायकल टाकून आधी त्या गाडीपाशी गेले. जोडाची खीळ हलवून बघितली, कुहूचे पट्टे बघितले, तिच्या मानेला हात लावून घाम बघितला.

“मयू, मागच्या वळणावर बघितलंस ना हे सगळं?” हृषी म्हणाला.

“मग? मागच्या वळणानंतर खडी लागली नाही का?”

ही गोष्ट आठ वर्षांपूर्वीची, फ्रान्समधली. हृषीची नोकरी नांत शहरात होती आणि त्याला तिथं ग्रॅव्हल सायकलिंगचं वेड लागलं होतं. म्हणजे चांगला गुळगुळीत डांबरी रस्ता शेजारून जात असताना मुद्दाम खडीच्या नि मातीच्या वाटांवर सायकल घालायची, टेकाडं चढायची, उतरायची, नदीकाठानं मैलोन्‌मैल जायचं. उन्हाळ्यात आई कराडहून आमच्याकडे आली तेव्हा त्यानं तिला हे सगळं फोटो दाखवून समजावलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अहो हृषीकेशराव, आमच्या तालुक्यातले सगळेच रस्ते असले होते. आम्ही उगीच आमदाराच्या नावानं बोंबललो.”

आई विम्याची एजंट. कराडपासून विट्यापर्यंत लूनावर फिरून तिनं पॉलिस्या विकल्या होत्या. तीन दिवसांच्या ह्या सहलीसाठी हृषीनं तिला बॅटरीवर चालणारी सायकल भाड्यानं घेऊन दिली, तर ती त्यावर एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, “लूनाच आहे ही. नुसता धूर सोडत नाही.”

पण सहल काही उगीच नव्हती. कुहू सप्टेंबरात तीन वर्षांची होणार होती आणि फ्रान्समध्ये तीन पूर्ण झाली की शाळा सुरू. अर्धा दिवस नाही, दोन तास नाही, चांगली सकाळपासून दुपारपर्यंत. जूनमध्ये मी ती शाळा बघायला गेले होते. फाटकाशी आया पोरांचे गाल चुंबत होत्या आणि चालू लागत होत्या, एकीनंसुद्धा मागे वळून बघितलं नाही. बाईंनी मला गोड हसून सांगितलं, पालकांनी फाटकाच्या आत यायचं नाही. माझ्या कुहूला फ्रेंचमधलं ‘बोंजूर’ सोडून काही येत नव्हतं. तहान लागली तर ती कुणाला काय सांगणार? त्या रात्री मी हृषीला म्हटलं, मी हिला घेऊन कराडला जाते. आईजवळ राहीन. तू तुझी दोन वर्षं पुरी कर आणि ये.  तो म्हणाला, “आई येतायत ना ऑगस्टमध्ये, आपण सायकलवर जाऊ. आल्यावर सांग. तू जे म्हणशील ते.” आईच्या परतीच्या विमानात माझ्यासाठी आणि कुहूसाठी दोन जागा धरून ठेवल्या होत्या. सोमवारच्या आत हो किंवा नाही कळवायचं होतं.

आणि तो सहलीचा दुसरा दिवस होता. माझं उत्तर अजून ‘कराड’ होतं.

नदी आडवी आली ती बाराच्या आसपास. नाव नाही लिहीत मी तिचं. फ्रेंच नाव, निम्मी अक्षरं गिळायची, मला आजही धड म्हणता येत नाही. आपल्या कृष्णेच्या मानानं अगदीच अरुंद, संथ, हिरवट, दोन्ही काठांना उंच झाडांच्या रांगा. आमची खडीची वाट थेट पाण्यात उतरून संपत होती आणि समोरच्या काठावर पुन्हा सुरू होत होती. मध्ये पूल नाही. होती ती एक नाव. नाव तरी कसली, चौकोनी लोखंडी परात, दोन बाजूंना कठडे. पुढच्या टोकाच्या कडीत एक साखळी, ती पाण्याखालून पलीकडच्या काठापर्यंत. मागच्या टोकाच्या कडीत दुसरी, ती आपल्या काठाच्या खांबाला.

“नावाडी कुठाय?” मी विचारलं.

“आपणच,” हृषी खुशीत म्हणाला. “नावेत बसायचं आणि पुढची साखळी ओढायची. पोचलो की मागचे लोक मागची साखळी ओढून नाव परत आणतात. बघ ना काय डोकं आहे!”

“कुणाचं माणूसच नाही इथं?”

“कशाला हवं?”

“नाव उलटली तर?”

“मयू, पाण्याला वेग तरी आहे का? ते बदक बघ, मघापासून तिथंच आहे.”

“बदकाला पोहता येतं.”

आई मात्र नुसती फुलली होती. तिचं माहेर भिलवडीच्या अंगाला, कृष्णाकाठी. लहानपणी ती रोज नावेतून पलीकडे शाळेला जायची, हे मी जन्मभर ऐकत आले होते. तिनं नावेत पाय टाकला, दोन्ही पाय फाकून नाव डावी-उजवीकडे हलवून बघितली आणि निकाल दिला, “झकास आहे.”

काठावरच्या पाटीवर चार माणसांचं चित्र होतं, पण गाडी जोडलेली सायकल चढवली की जागा संपली. दोन खेपा करायला लागणार हे उघड होतं. आता कुहूबरोबर कोण?

“मी,” मी म्हटलं.

“गाडी माझ्या सायकलला आहे, म्हणजे मी तर पहिल्या खेपेत,” हृषी म्हणाला. “साखळी ओढताना कुहूला धरायला एक माणूस हवं. आणि दुसऱ्या खेपेत उरलेल्या दोन सायकली उचलून चढवायला हव्यात. आईंच्या सायकलीचं वजन माहितेय ना?”

“मग मी धरते कुहूला. सायकली आई...”

“मी एकटी चढवू ती लूना?” आई म्हणाली. “कंबर मोडली तर कोण बघेल, तुझी ती बॅग?”

माझ्या बॅगेवर सगळ्यांचाच राग होता. ती माझ्या सायकलच्या कॅरिअरला हृषीनं आदल्या दिवशी स्क्रूनं घट्ट बसवली होती, कारण ती खडीवर खडखडते म्हणून मी डोकं खाल्लं होतं. तीत तापाचं औषध, थर्मामीटर, मलम, पट्ट्या, मच्छरांचं तेल, ओआरएस, कात्री, कपड्यांचे तीन जोड, कुहूची पाण्याची बाटली आणि भुतासारखं पांढरं दिसणारं उन्हाचं क्रीम. हृषी तिला तालुक्याचं आरोग्य केंद्र म्हणायचा.

शेवटी मी हो म्हटलं. नाव तर डोळ्यांसमोरच राहणार होती. आई कुहूला मांडीवर घेऊन कठड्याला टेकून बसली, हृषीनं बाह्या सरसावल्या आणि साखळी ओढायला लागला. खडड् खडड् करत साखळी पाण्यातून वर येई आणि नाव एकेक हात पुढे सरके. “ओढ, बाबा, ओढ!” कुहू ओरडत होती. मी काठावर दोन्ही हात छातीशी घेऊन उभी. तिची लाल टोपी लहान होत गेली. तिच्या माझ्यामध्ये एवढं पाणी कधी आलं नव्हतं. पाणी कसलं, एखादी खोलीसुद्धा क्वचितच आली असेल.

नाव पलीकडे टेकली. हृषीनं सायकल उतरवली, मग गाडी. कुहू उतरली आणि चिखलात बसली. मी तिच्याकडे बघत होते: टोपीचा पट्टा सुटलाय का, पाण्याच्या किती जवळ आहे, हृषीचं लक्ष आहे का. आई नावेपाशी काहीतरी खुडबुड करत होती, तिकडे मी बघितलं नाही. सगळीकडे लक्ष असणारी मी, नेमकं तेवढंच बघितलं नाही.

“ओढ आता!” हृषीनं हात केला.

मी साखळी ओढली. मला वाटलं होतं जड जाईल. छे, भराभर यायला लागली. मी मनात म्हटलं, वा, आपल्यात ताकद आहे! शेवाळ आलं, एक कुजकी काटकी आली, आणखी शेवाळ आलं, आणि मग एक लोखंडी आकडा आला. आकड्याला काहीही नव्हतं.

मी वर बघितलं. नाव पलीकडच्या काठाला गप उभी होती. आईच्या हिरव्या ओढणीनं ती खांबाला करकचून बांधलेली होती.

“आई!” मी ओरडले. “ही साखळी कुणी सोडली?”

“मी!” पलीकडून अभिमानानं उत्तर आलं. “उतरलं की नाव आपल्या काठाला बांधायची आणि पलीकडची दोरी सोडून द्यायची! नाहीतर पोरं खोडी काढतात, ओढून नेतात नाव! आमच्या घाटावर असंच करायचे!”

“बरं!” मी ओरडले. “आणि मी कशातून येऊ?”

 बदकानं मान वळवली. मग आईनं दोन्ही हात तोंडावर नेले.

“अगं बाई! तू राहिलीस की गं!”

आणि ती हसायला लागली. आधी तोंड झाकून, मग पोट धरून, मग ती खालीच बसली. तिचं बघून कुहू हसली. हृषीनं माझ्याकडे पाठ फिरवली, पण त्याचे खांदे हलताना मला ह्या काठावरून दिसत होते.

“हसतोयस काय? काहीतरी कर!”

“पोहत येऊ?”

“पाण्यात पाय घालून बघ! येतं का तुला पोहायला?”

“नाही!”

“मग?”

त्यानं पाटीवरचा नंबर शोधून फोन लावला. कानाला धरला, ऐकलं, खाली ठेवला.

“ग्रामपंचायत जेवायला गेलीय! दोनपर्यंत कुणी नाही!”

मी वर्षभर त्या देशात राहत होते, तरी हे माझ्या लक्षातच येत नसे. बारा ते दोन तिथं सगळं बंद. दुकान बंद, पोस्ट बंद, नदीसुद्धा बंद.

“कुहूची बाटली माझ्याकडे आहे!” मी ओरडले. “तिला तहान लागेल!”

“इथं एक बाई आहेत! टेबल मांडून बसल्यात! पाणी मागतो!”

तेव्हा मला त्या दिसल्या. झाडाखाली घडीचं टेबल, त्यावर चक्क टेबलक्लॉथ, आणि पांढऱ्या केसांच्या एक बाई, शेजारी लठ्ठ तपकिरी कुत्रा. कुत्रा! कुहू त्या कुत्र्याकडेच निघाली होती.

“हृषी, कुत्रा!”

“दिसतोय मला!”

“चावला तर?”

“मयू, वरच्या अंगाला पूल आहे! पाटीवर दाखवलाय! काठानं जा, मग टेकडी चढून उतर, पूल ओलांड, आणि ये इकडे! आईंची सायकल घे, ती आपोआप पळते!”

मी माझ्या सायकलकडे बघितलं. मागे बॅग, स्क्रूनं आवळलेली. स्क्रूड्रायव्हर हृषीकडे. मी कात्री काढली, का ते मला अजून कळलेलं नाही, पुन्हा आत ठेवली, घाईत बाटली घ्यायची मात्र विसरले, माझी सायकल झाडाला कुलूप लावून बांधली आणि आईच्या सायकलवर बसले. सीट खाली होती. गुडघे हनुवटीला लागत होते.

“टर्बोवर टाक!” आई पलीकडून ओरडली. “हिरवं बटन नको, लाल!”

पहिला टप्पा काठाकाठानं होता. झाडांच्या फटींतून पलीकडचा काठ दिसत राहायचा. लाल टोपी. झाड. लाल टोपी, शेजारी तपकिरी काहीतरी. झाड. लाल टोपी टेबलापाशी. मी अर्धी मान तिकडे वळवून चालवत होते आणि चाक सारखं खडीवरून गवतात जात होतं. डोक्यात एकच यादी: तहान, कुत्रा, पाणी, ऊन, कुत्रा. मग वाट एकदम डावीकडे वळली, नदीपासून लांब, मक्याच्या शेतांमधून वर टेकाडाकडे. शेवटच्या फटीतून मी वळून बघितलं. टोपी दिसली नाही.

मी थांबले. खरंच सांगते, सायकल वळवायलाही घेतली. पण वळून जाणार कुठं? मागे माझी बॅग होती, पोर नव्हती. पोरीकडे जायचं तर पोरीकडे पाठ करूनच जायला हवं होतं.

मी लाल बटन दाबलं.

आता तुम्हांला ती सायकल काय करते ते सांगायला हवं. पेडलवर नुसता पाय टेकवायचा, की मागून कुणीतरी कमरेला धरून ढकलल्यासारखं होतं. चढ होता, चांगला उभा होता, आणि मी तो बसल्या बसल्या चढत होते. दोन्ही बाजूंना सूर्यफुलं, सगळी माना खाली घालून, आणि कुंपणाच्या पलीकडे पांढऱ्या गलेलठ्ठ गायी. मी त्यांना मोठ्यानं सांगितलं, “बघता काय, आई नाव बांधून बसलीय माझी!” आणि स्वतःचा आवाज ऐकून मला हसू फुटलं. एकटीच. कित्येक महिन्यांत मी एकटी मोठ्यानं बोललेच नव्हते. बोलायची ती कुहूशी, नाहीतर कुहूबद्दल.

टेकाडाच्या माथ्यावर पाच-सहा म्हातारे सायकलस्वार पाणी पीत उभे होते. घट्ट चकचकीत कपडे, त्यांत गोल पोटं. मला बघून ते एकदम ओरडायला लागले, “आले, मादाम! आले, आले!” म्हणजे तिकडे ‘चला, जोरात’. पण मला ते शुद्ध मराठीतच ऐकू आलं. मी हात वर करून ओरडले, “आले, आले!” आणि न थांबता त्यांच्यामधून गेले. मागे टाळ्या वाजल्या.

आणि मग उतार.

अख्खी दरी समोर उघडी. दुधी रंगाचा खडीचा रस्ता, वळत वळत खाली, तळाशी नदीचा पट्टा आणि त्यावर इवलासा दगडी पूल. आदल्या दिवसापासून प्रत्येक उतार मी दोन्ही ब्रेक आवळून, दात आवळून उतरले होते, बोटांना वळ पडले होते. इथंही मी ब्रेकवर बोटं ठेवलीच. ठेवली आणि दाबली नाहीत.

 तोंडातून किंकाळी बाहेर पडली. खडी तडतडत होती, मागचं चाक वळणावर घसरलं, सावरलं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओठांवर धूळ, आणि ती किंकाळी मधेच कुठंतरी हसण्यात गेली. कुठं, ते कळलं नाही. मी हसत होते, ओरडत होते, “बाजूला व्हा, ब्रेक लागेना!” असं मराठीत त्या मोकळ्या दरीला सांगत होते. बाजूला व्हायला तिथं होतं कोण? एक ससा होता, तो झाला.

पुलावर येऊन वेग ओसरला. मी पुलाच्या मध्यावर थांबले, हेल्मेट काढलं आणि खाली पाणी बघितलं. तेव्हा आठवलं: कुहू. आठवलं म्हणजे, ती इतका वेळ डोक्यात नव्हती. सबंध उतारभर नव्हती. मी छातीवर हात ठेवला. छाती जोरात उडत होती, पण भीतीनं नाही. मग मात्र मी लाल बटन दाबून अशी सुटले की विचारू नका.

पलीकडच्या काठाला पोचेपर्यंत मी सगळं ठरवून ठेवलं होतं. कुहू रडून रडून लाल झालेली असेल, मला बघून धावत येईल, मी तिला उचलून घेईन, हृषीला काय काय ऐकवायचं, आईला काय काय.

झाडाखालचं दृश्य असं होतं. हृषी गवतात उताणा, तोंडावर टोपी. आई त्या बाईंच्या, त्यांचं नाव ओदेत, समोर खुर्चीवर बसून त्यांना डब्यातल्या दशमीवर लसणाची चटणी लावून देत होती. ओदेतबाई लालबुंद झाल्या होत्या, डोळ्यांना नॅपकिन लावत होत्या आणि हातानं ‘आणखी’ म्हणत होत्या. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं आणि दोघी अखंड बोलत होत्या. आणि कुहू अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल, गालाला जर्दाळूचा जॅम, कुत्र्याच्या पोटाला टेकून बसली होती.

मी सायकल लावून उभी राहिले. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तेवढ्यात कुहू उठली. टेबलापाशी गेली, रिकामा पेला उचलला आणि ओदेतबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “बोंजूर. पाणी.”

ओदेतबाईंनी चटणी सोडून आधी तिला पाणी दिलं. तिनं ते पिऊन टाकलं, पेला परत दिला आणि पुन्हा कुत्र्याकडे गेली. वाटेत तिला मी दिसले.

“आई,” ती म्हणाली, “हा चावत नाही. मी विचारलं.” आणि बसली.

“आलीस?” हृषी टोपीखालून म्हणाला. “फार लांब होतं का गं?”

“हो,” मी म्हटलं. “फारच.”

आईनं माझ्या तोंडाकडे बघितलं. विम्याच्या एजंटला तोंडं वाचता येतात. तिनं नुसती माझ्यापुढे दशमी सरकवली.

दोननंतर पांढऱ्या व्हॅनमधून ग्रामपंचायतीचा माणूस आला, मिशाळ, पोटभर जेवलेला. त्यानं व्हॅनमधून छोटी रबरी होडी काढली, वल्हवत पलीकडे गेला, साखळीचा आकडा घेऊन आला आणि नावेच्या कडीत अडकवला. मग ओढणीची गाठ सोडायला वाकला. ओढली, खेचली, दातानं धरली. गाठ ढिम्म. आईनं त्याला बाजूला केलं, कुठलंसं एक टोक दोन बोटांनी उपसलं आणि ओढणी सळसळत सुटून आली. त्यानं टोपी काढून तिला मुजरा केला. मग तिच्या नाकासमोर बोट नाचवत बरंच काही बोलला.

“काय म्हणतोय?” आईनं विचारलं.

“साखळीला पुन्हा हात लावू नका म्हणतोय,” हृषी म्हणाला.

“मग लोकांनी शिकून घ्यावं की बांधायला,” आई म्हणाली.

माझी सायकल अजून त्या काठावरच होती. हृषी उठला, बाह्या सरसावल्या. “मी घेऊन येतो तुझी सायकल. दहा मिनिटांत.”

“थांब,” मी म्हटलं. “मी आणते.”

“तू?” तो म्हणाला. “आणि कुहू?”

“कुहूचं काय? तुम्ही सगळे आहात की.”

हृषी आणि आई दोघंही माझ्याकडे बघत राहिली. मी किल्ली घेतली, नावेत चढले आणि साखळी धरली. जड होती हो! मघाशी नुसती साखळी होती, आता सबंध नाव ओढायची होती. हाताला गंज लागला, पाणी उडून कपडे भिजले. अर्ध्या नदीत थांबून मी वळून बघितलं. कुहू काठाशी हृषीचं बोट धरून उभी होती. तिनं हात हलवला. मीही हलवला. मग तिला कुत्रा आठवला असावा. ती बोट सोडून गेली.

पलीकडे उतरले, झाडाचं कुलूप काढलं. माझी सायकल, तिच्यामागे आरोग्य केंद्र, दोन्ही जागच्या जागी.

“चढव आता!” हृषी ओरडला. “मी इकडून ओढतो!”

मी सायकल नावेच्या तोंडाशी नेली. पुढचं चाक नावेत घातलं. नाव जराशी डुलली. मी तिथंच उभी राहिले. मग चाक पुन्हा काढून घेतलं आणि सायकल वळवली.

“काय झालं?”

“नाव नको!” मी ओरडले. “मी पुलावरून येते!”

“अगं, पण ती बॅटरीची नाही! चढ आहे!”

“माहितेय!”

“खूप वेळ लागेल!”

“लागू दे!”

 तो पाण्याच्या अगदी कडेला आला, बुटांत पाणी जाईपर्यंत, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि एवढ्या मोठ्यानं ओरडला की झाडांतले कावळे उडाले.

“मयू! त्या विमानाचं काय करू? दोन जागांचं?”

आई त्याच्या मागे येऊन उभी राहिली होती. ओढणी तिच्या हातात, अजून ओली.

“सोडून दे!” मी ओरडले.

हृषीनं तिथंच पाण्यात उडी मारली. म्हणजे जागच्या जागी, बुटांसकट. आईनं ओढणी डोक्यावर गरगर फिरवली. ओदेतबाईंना काय झालं ते कळलं नव्हतं, पण त्या टाळ्या वाजवत होत्या. मला पुढचं बघायला सवड नव्हती. मी पेडलवर उभी राहिले होते, चाकाखाली खडी चुरचुरायला लागली होती आणि चढ अजून यायचा होता.